फिजिक्समधले मार्क फिलॉसॉफी भरून काढेल का?

देवगडच्या ताईंनी विचारलंय की भाचीला ऑक्सफर्डचा ‘फिजिक्स अँड फिलॉसॉफी’ कोर्स करायचाय, पण तिचं फिजिक्स जेमतेम आणि लिखाण उत्तम. तर एका विषयात कमी पडलं तर दुसरा तारून नेईल का?

ताई, नाही. कारण परीक्षेची रचनाच तशी आहे.

कोर्स चार वर्षांचा. तीन वर्षांनी बीए घेऊन बाहेर पडता येतं. पहिल्या वर्षी पाच लेखी पेपर, त्यातले तीन यांत्रिकी, विशेष सापेक्षता आणि गणिताचे. उरलेल्या दोनांत एक तर्कशास्त्राचा, आणि तो चिन्हांचा, सिद्धता मांडायचा. म्हणजे भाचीची लेखणी चालेल असा पेपर एकच! नापास झालं तर सप्टेंबरात पुन्हा बसता येतं, पण आपल्यासारखी केटी घेऊन पुढच्या वर्षाला जायची सोय नाही. या परीक्षेचे मार्क अंतिम श्रेणीत धरत नाहीत, एवढाच काय तो दिलासा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तीन पेपर, तिन्ही फिजिक्सचे: उष्मागतिकी, विद्युतचुंबकत्व, क्वांटम. इथे लपायला जागाच नाही. तत्त्वज्ञानाचा खरा भार तिसऱ्या वर्षी येतो, आणि चौथ्या वर्षी मात्र हवं तिकडे झुकता येतं.

तिला जे आवडेल असं वाटतं ते आता सांगतो. पहिल्याच वर्षी जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ आणि इंग्रज धर्मगुरू क्लार्क यांचा पत्रव्यवहार नेमलेला असतो. पत्रं १७१५-१६ सालची, क्लार्क न्यूटनच्या बाजूने भांडणारा. वाद असा: अवकाश ही वस्तूंच्या आधीपासून असलेली स्वतंत्र गोष्ट, की वस्तूंमधल्या संबंधांचंच नाव? मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर सुटला हे धक्क्याकडे बघून कळतं. आता धक्का, रत्नागिरी, समुद्र, तारे, सगळं विश्वच दहा हात पूर्वेला सरकवलं तर? लाइब्निझ म्हणतो, काहीच बदललं नाही, मग ‘सरकलं’ म्हणण्यात अर्थ काय? क्लार्कचं उत्तर कच्चं नाही: सरकतं विश्व एकदम थांबवलं तर आतल्यांना हिसका बसेलच की. न्यूटनचं उदाहरण घ्या, दोरीला टांगून गरागरा फिरवलेली पाण्याची बादली: पाणी फिरू लागलं की कडेने चढतं, पण ते फिरणं कशाच्या संदर्भात? मी वर्षानुवर्षं बारावीला वर्तुळाकार गती शिकवली, पण हा प्रश्न अभ्यासक्रमात कधी आला नाही, याची चुटपुट आहे.

परीक्षेत यावर ‘लाइब्निझचे विचार लिहा’ असं विचारत नाहीत. त्याचा युक्तिवाद टिकतो का, विचारतात. नंतरच्या वर्षांत तत्त्वज्ञानाच्या पेपरला तीन तासांत तीन निबंध, प्रत्येकात स्वतःची बाजू घेऊन तिच्यावरचे आक्षेप आपणच खोडायचे. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करणारी मुलं इथे गडबडतात.

(लेखी परीक्षेला गडद कपडे, पांढरा शर्ट आणि वर झगा हा नियमच आहे. छातीवरचं फूल, पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल, ही मात्र मुलांनी पाडलेली प्रथा.)

खर्च झेपत नसेल तर इथेच बीएस्सी फिजिक्स करून सोबत तत्त्वज्ञानाची पदवी दूरशिक्षणाने घेता येते. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. दोन्ही नियमित कॉलेजातून करायच्या तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. माझा कल याच वाटेकडे आहे, कारण फिजिक्स पक्कं व्हायला तिला तीन वर्षं मिळतील.

तरी जायचंच असेल तर मेच्या सुट्टीत रोज गणितं सोडवू दे, आणि आठवड्याला एक पान वादाचं, घरातल्या कोणीतरी उलट बाजू घ्यायची. प्रवेश परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. अर्ज बारावीत असतानाच, १५ ऑक्टोबरपर्यंत. बोर्डाच्या निकालापर्यंत थांबलात तर ते वर्ष गेलंच.