"मॅडम, याले व्यसन लागलं का?"

तान्हा पोळ्याच्या आठवड्यात, ऑगस्ट 2025 मध्ये, नागपुरातल्या मानेवाड्याहून एक कुटुंब समुपदेशनासाठी माझ्याकडे आलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा 18 वर्षांचा, नीटसाठी रिपीट करणारा. आदल्या रात्री आईने अकराच्या ठोक्याला वायफाय बंद केलं आणि त्याने मोबाइल भिंतीवर फेकला. भिंतीला काही झालं नाही, स्क्रीन गेली.

आई बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, याले व्यसन लागलं का हो?" वडिलांनी हातातली पेपरची घडी पुढे केली. "सरकारनं ऑनलाइन गेमवर बंदी आणली म्हणते. मंग हा काय खेळून राहिला?"

वडिलांचं आधी उरकलं. त्या महिन्यात संसदेने केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. मुलगा खेळत होता बीजीएमआय, म्हणजे 2020 मध्ये बंदी आलेल्या पबजी मोबाइलचा 2021 पासूनचा भारतीय अवतार. त्यात पैसे जातात ते बहुतेक बंदुकीच्या नि कपड्यांच्या स्किनवर, म्हणजे नुसत्या रंगरूपावर. वडिलांनी बँकेचं पासबुक आणलंच होतं. वर्षभरात दोन किरकोळ खर्च. जुगाराची शंका असेल तर पोराची उलटतपासणी घेण्यापेक्षा पासबुक बघितलेलं बरं, हे मी सगळ्यांनाच सांगते.

व्यसनाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, पण कसोटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहतो, आणि याने शिक्षण, घर, नाती यांची खरोखर वाताहत होते. तीही साधारण बारा महिने. तासांचा आकडा त्यात कुठेच नाही. हा मुलगा क्लासला जात होता, टेस्ट देत होता, बहिणीला स्कूटीवर सोडत होता. झोपत मात्र दोन वाजता होता. माझ्या मते प्रश्न झोपेचा होता, आणि घरातल्या भांडणाचा.

इथे मी चूक केली. रोज दीड तास, असा कागद लिहून तिघांच्या सह्या घेतल्या. चार दिवस टिकला.

दुसऱ्या भेटीत कागद बाजूला ठेवून त्याला म्हटलं, "आईला शेजारी बसव आणि काय खेळतोस ते दाखव." तो आधी लाजला. मग वडिलांच्या फोनवर लॉगिन केलं आणि बोलायला लागला तो थांबेचना.

बीजीएमआयमध्ये चौघांचा स्क्वॉड. एक दोस्त पुण्याला, एक सेवाग्रामला, एक इथेच इंजिनीअरिंगला. साडेदहाला सगळे मोकळे होतात, तेव्हा जमतात. शंभर जण बेटावर उतरतात, सर्कल, म्हणजे खेळायची हद्द, आवळत जातं, मोठ्या नकाशावर अर्धा तास सहज जातो. मधे पॉज नाही. एक जण गेला की तिघं उघडे पडतात. "आई वायफाय बंद करते तेव्हा दोस्तांना वाटते मी पळालो," तो म्हणाला. आई गप्प झाली. तिला वाटायचं, टीव्हीसारखं बटण दाबलं की संपलं.

मग त्याने लॅपटॉपवर स्टारड्यू व्हॅली उघडला. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त खपून केलेला, 2016 मध्ये आलेला शेतीचा खेळ. त्यातला एक दिवस साधारण 14 मिनिटांचा, आणि झोपायला गेल्यावरच खेळ सेव्ह होतो. म्हणजे 'आता उठ' म्हटलं तर त्याचा दिवस वाया जातो. आई काटोलकडची, माहेरी संत्र्याची बाग. तिने विचारलं, "संत्रा आहे का याच्यात?" आहे. कलम लावलं की 28 दिवसांत झाड तयार, नि उन्हाळाभर रोज एक फळ. बाई खो-खो हसल्या. "अठ्ठावीस दिवस? आमच्याकडं चार-पाच वर्षं पाणी देत बसा! आणि मृगाच्या बहारासाठी मे महिन्यात तर आपण झाडाले ताण देतो, याले फळं लागून राहिली!" मुलाने विचारलं, ताण म्हणजे काय. आई पाणी तोडण्यापासून सांगायला लागली. पुढची दहा मिनिटं मी काहीच केलं नाही. माझ्या फीमध्ये तीही धरलेली असतात.

सप्टेंबरच्या मध्यात तिसरी भेट झाली तेव्हा त्याच्याकडे नवीन विषय होता. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' हा खेळ, ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या अगदी छोट्या चमूचा, 2019 मध्ये जाहीर झालेला आणि 4 सप्टेंबरला एकदाचा आलेला. एकाच शत्रूने त्याला दोन रात्री लोळवलं होतं, तरी चेहरा खुललेला. आईने तोंड उघडलं आणि मी हात वर केला. 'हीच चिकाटी अभ्यासात दाखव' हे वाक्य माझ्या खोलीत बोलायचं नाही, असा माझा नियम आहे. ते ऐकून सुधारलेलं पोर मी अजून पाहिलेलं नाही. उलट, पुढच्या वेळी ते आवडीचं काही सांगतच नाही. सिल्कसाँगमध्ये मधेच पॉज करता येतं, हे मात्र आईने स्वतः विचारून घेतलं.

ठरलं ते असं. स्क्वॉड साडेनऊला जमवायचा, हे दोस्तांना त्यानेच सांगायचं. मॅच दोन, तिसरी अकरानंतर सुरू करायची नाही. चालू मॅचला वायफायला हात लावायचा नाही. जेवायला बोलावण्याआधी आईने विचारायचं, "किती जण उरले?" शेतीवर असेल तर दिवस मावळू द्यायचा. मोबाइल रात्री बैठकीत चार्जिंगला, आईवडिलांचेही. या शेवटच्या कलमावर वडिलांनी सगळ्यात जास्त हुज्जत घातली.

स्क्वॉड साडेनऊला जमत नाही, पावणेदहा-दहा होतात. सेवाग्रामवाल्याच्या परीक्षा आल्या की जमतच नाही, आणि त्या रात्री मुलगा जास्त उदास असतो. एक वर्ष मागे राहिल्याची सल त्याने या मॅचवर पांघरूण घालून झाकली होती, त्यावर आम्ही आता वेगळं बोलतो. त्या बैठकींना तो एकटा येतो.

मागच्या आठवड्यात आईचा मेसेज आला: "काल सव्वाअकरापर्यंत चालली मॅच. मी ओरडली. पण वायफाय बंद नाही केलं."