पावसाळी काळोख आणि मनाची मरगळ

प्रश्न : जून लागला की मला सकाळी अंथरूण सोडवत नाही. दिवसभर झोप येते, सारखे गोड खावेसे वाटते आणि चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली तरी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे, सामान जमवण्याचा हुरूप येत नाही. घरचे याला आळस म्हणतात. (गृहिणी, डिचोली)

उत्तर : हा आळस नव्हे आणि घरच्यांनी तो शब्द आजपासून वापरू नये. जुलैत आपल्याकडे दिवस सुमारे १३ तासांचा, म्हणजे चांगला मोठा असतो. परंतु दाटलेले ढग, बंद खिडक्या आणि पडवीला बांधलेली ताडपत्री यांमुळे डोळ्यांपर्यंत उजेड फार कमी पोहोचतो. डोळ्यांच्या पडद्यातील काही पेशी मेंदूतील घड्याळाला दिवस उजाडल्याची वर्दी देतात. ती क्षीण झाली की झोप, भूक आणि उत्साह यांची लय बिघडू शकते. ट्यूबलाइटच्या खोलीत शे-तीनशे लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर ढगाळ दिवशीही उघड्यावर तो हजारांच्या घरात जातो. म्हणून सकाळचा चहा स्वयंपाकघरात न घेता ताडपत्री वर करून, बाहेर तोंड करून, अर्धा तास पडवीत बसून घ्यावा.

तरीही माझ्या मते आपल्याकडच्या पावसाळी उदासीत उजेडाइतकाच वाटा थांबलेल्या हालचालींचा आणि तुटलेल्या गाठीभेटींचा असतो. गोव्यातीलच प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्यग्रस्तांना छोटी छोटी कामे ठरवून करायला लावली आणि त्याचा स्पष्ट गुण आला. मन लागण्याची वाट पाहू नये; काम आधी सुरू करावे, मन मागून येते. शेजारणीला घेऊन बाजारातून माटोळीसाठी आज फक्त सुपारीचे शिपटे (घोस) आणावे, बाकीचे उद्या. मरगळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवावे आणि थायरॉइड व रक्तातील हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. डिसेंबरात तो खचतो. त्याने प्रकाशाचा दिवा घेतला आहे. दिव्याने खरेच फरक पडतो का? (आई, म्हापसा)

उत्तर : पडतो. ऋतुबद्ध नैराश्याचे हे रूप मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वर्णिले आणि प्रकाशोपचारही तेव्हाच पुढे आला. स्विंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो. १०,००० लक्सच्या दिव्यासमोर, उठल्याबरोबर, रोज अर्धा तास बसावे; डोळे उघडे असावेत, पण दिव्याकडे रोखून पाहू नये. संध्याकाळी वापरल्यास झोप उडते. गुण बहुधा एक-दोन आठवड्यांत दिसतो, मात्र बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. पूर्वी कधी उन्मादाचा झटका आला असेल किंवा डोळ्यांचा विकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. आपल्याकडे दुपारचा एक वाजतो तेव्हा त्याच्याकडे साडेसात वाजलेले असतात आणि बाहेर अजून अंधार असतो. त्याच वेळी फोन करत जा, म्हणजे बोलता बोलता त्याचे दिव्यासमोर बसणे होईल.

प्रश्न : प्रकाशाच्या दिव्याऐवजी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालतील का? (फोंडा)

उत्तर : नाही. प्रकाशोपचार डोळ्यांवाटे काम करतो, ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत तयार होते. कमतरता आढळली तर ती जरूर भरून काढावी, पण तो नैराश्यावरचा इलाज नव्हे.

प्रश्न : पती ट्रॉलरवर तांडेल (नौकेचे प्रमुख) आहेत. मासेमारीबंदीत ते दुपारपासून पितात आणि ‘आता राहून काय उपयोग’ असे म्हणतात. (पेडणे)

उत्तर : ताई, हे वाक्य पावसावर ढकलू नका. १ जून ते ३१ जुलै हात रिकामे, मिळकत बंद आणि त्यात दारू, जी मन आणखी खाली ओढते. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे त्यांना शांतपणे, सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आजच १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या) विनाशुल्क क्रमांकावर बोला आणि त्यांना बांबोळीच्या मनोरुग्णालयात स्वतः सोबत घेऊन जा. तोपर्यंत त्यांना एकटे सोडू नका. रोज किती पितात ते डॉक्टरांना खरे सांगा, कारण रोजची जास्त दारू एकदम तोडल्यास फिट येऊ शकते आणि ती औषधांच्या आधारानेच सोडवावी लागते.