नाशिकच्या गर्दीच्या पबला कोणी पाच तारे देतं, कोणी एक. खरं कोणाचं?

प्रश्न असा आहे: "आम्ही सात जण पुढच्या शनिवारी पुण्याहून नाशिकला येतोय. गंगापूर रोडवरच्या एका गाजलेल्या पबचे रिव्ह्यू वाचले. कोणी म्हणतं ड्रिंक्स भारी, कोणी म्हणतं पाणी घातलेलं. कोणी सर्व्हिसवर खूश, तर कोणाला पाऊण तास स्टार्टरच आला नाही. कोणावर विश्वास ठेवायचा?"

सगळ्यांवर ठेवा. सगळे खरंच बोलतायत, फक्त प्रत्येक जण वेगळ्या वेळी गेला होता.

मी साडेतीन वर्षं असल्याच एका पबच्या कॅश काउंटरवर बसलो. तुम्ही म्हणताय तो नव्हे, पण रस्ता तोच. बिलं काढणं हे माझं काम, आणि मालकाच्या मुलाला टायपिंगचा कंटाळा, म्हणून नेटवरच्या रिव्ह्यूंना उत्तरं देणंही माझ्याच गळ्यात पडलं. (“आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, पुन्हा सेवेची संधी द्यावी” हे मी किती वेळा लिहिलं ते विचारू नका.) उत्तर लिहिण्याआधी मी त्या माणसाचं बिल शोधायचो. टेबल नंबर, पहिली ऑर्डर किती वाजता, शेवटची किती वाजता, सगळं सिस्टिममध्ये असतं. दोन-तीन महिन्यांत असं झालं की रिव्ह्यू वाचूनच वार आणि वेळ ओळखता यायला लागली.

एका आठवड्यात मोहितोवर (पुदिना-लिंबाचं कॉकटेल) दोन रिव्ह्यू आले. एक म्हणे नाशिकमधला सगळ्यात छान मोहितो. दुसरा म्हणे हिरवं साखरपाणी, त्यात दोन पानं तरंगत होती. बिलं काढली. पहिला बुधवारी 7:40 ला बसलेला, दुसरा शनिवारी 10:20 ला. बारटेंडर तोच, रेसिपी तीच. बुधवारी त्याच्यासमोर तीन ग्लास होते, त्यामुळे पुदिना हाताने ठेचला, लिंबू तिथल्या तिथे पिळलं. शनिवारी संध्याकाळी सहालाच लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि मिक्सरमधून काढलेला पुदिना बाटल्यांत भरून ठेवावा लागतो, नाहीतर रात्री बारसमोरची रांग संपत नाही. वाटलेला पुदिना चार तासांत काळपट पडतो आणि कडवट लागतो. त्यात मशीनचा बर्फ दहापर्यंत संपतो आणि मग बाहेरून मागवलेल्या पिशव्यांमधला ओला बर्फ वापरतात. तो ग्लासात पडताच वितळायला लागतो. म्हणजे “पाणी घातलं” ही तक्रार एका अर्थाने खरीच होती. ते पाणी बर्फाचं होतं.

म्हणून शनिवारी गर्दीत कॉकटेलच्या वाटेला जाऊ नका. किंवा साडेसातच्या आत पहिला राउंड उरकून घ्या.

बिअरला पाणी घालतात, ही तर नेहमीचीच बोंब. पाणी घातलेली बिअर मी एकदाही पाहिली नाही. लोकांना ती पातळ लागते याची कारणं वेगळी. एक तर ड्राफ्ट, म्हणजे नळाची, बिअर बहुतेक ठिकाणी माइल्ड असते, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आत. रोज स्ट्राँग पिणाऱ्याला ती सरबतासारखीच लागणार. दुसरं, घाईत धुतलेल्या ग्लासला साबण किंवा तेलाचा हात राहिला की फेस बसत नाही, आणि फेस नसला की माणसाला बिअर मेलेली वाटते. तिसरं कारण टॉवर. तीन लिटरचा तो उंच नळ टेबलावर आला की फोटो छान येतात, पण शेवटचा लिटर कोमट होतो. सात जण असाल तर पिचर, म्हणजे बिअरचा जग, मागवा आणि संपेल तसा पुढचा सांगा.

पेगचं म्हणाल तर माप 30 किंवा 60 मिलीचं, आणि ते तुमच्यासमोर मोजायला सांगण्यात काहीही वावगं नाही. चांगल्या बारटेंडरला त्याचा राग येत नाही. गर्दीत हाताच्या अंदाजाने ओततात तेव्हा कधी कमी पडतं, कधी जास्त. कमी पडलेल्याचा रिव्ह्यू येतो. जास्त पडलेल्याचा आजवर एकही आला नाही.

वाईनबद्दल मात्र लोकांचा राग बऱ्यापैकी रास्त आहे. “वाईन कॅपिटल म्हणवता आणि असली वाईन देता?” हे वाक्य मी मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत वाचलंय. अडचण अशी की पबमध्ये वाईन पिणारे थोडे. ग्लासावर विकायला उघडलेली रेड तीन-चार दिवस तशीच पडून राहते आणि आंबट होते. व्हाईट तर कधी कधी बिअरच्याच फ्रीजमध्ये इतकी गारठते की चव लागतच नाही. ग्लास मागवू नका, बाटली मागवा आणि समोर उघडायला लावा. 750 मिलीत 150 चे पाच ग्लास होतात. त्याहून बरं म्हणजे दुपारीच गंगापूर धरणाच्या बाजूला जा. सुला, यॉर्क तिकडेच आहेत. वाईन तिथे प्या, पबमध्ये बिअर.

(जाता जाता: आमचं घर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचा बाग आहे. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की “मग घरची वाईन असेल ना?” असं हटकून विचारतात. नाही. आमची द्राक्षं खायची. वाईनच्या जाती वेगळ्या, लहान मण्यांच्या, जाड सालीच्या आणि बियांच्या. खायच्या द्राक्षाची कोणी वाईन केलीच तर ती पाहुण्यालाच पाजावी.)

आता जेवण. यात बसण्याच्या वेळेइतकंच काय मागवलं यालाही महत्त्व आहे, आणि हे रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही. पबच्या किचनमध्ये साधारण चायनीज, तंदूर आणि ग्रेव्ही-मेन कोर्स असे वेगवेगळे कोपरे असतात. कॉन्टिनेंटलही मेनूवर असतं, पण बरेचदा त्याला वेगळा माणूस नसतो. चायनीजवाल्याची कढई मोठ्या आचेवर असते, चिकन चिली किंवा पनीर चिली पाच-सात मिनिटांत निघते. तंदूर एकच. त्यात एका वेळी मोजक्याच सळया बसतात आणि तंदुरी चिकनला पंधरा-वीस मिनिटं लागणारच. शनिवारी नऊ वाजता तंदूरच्या पंचवीस केओटी (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या) खिळ्याला लटकलेल्या असतात. तुमची सव्विसावी. म्हणजे “पाऊण तास स्टार्टर आला नाही” हा रिव्ह्यू मी डोळे मिटून तंदूरच्या खात्यात टाकायचो आणि बिल काढलं की बहुतेक वेळा कबाब प्लॅटरच निघायचा.

पास्ता आणि पिझ्झावर एक-दोन तारे का येतात, तेही यातच आलं. तो बनवणारा मुलगा मूळचा चायनीजचा, वेळ मिळाला की पास्त्याकडे वळणारा. त्याला दोष देऊन उपयोग नाही. मेनू अठरा पानांचा करणाऱ्याला द्या.

म्हणून बसल्या बसल्या मसाला पापड, शेंगदाणे आणि एखादी चायनीज डिश सांगा. तंदूरची ऑर्डरही तेव्हाच देऊन टाका, भूक लागल्यावर नको. सात जणांनी सात वेगळ्या डिश मागवल्या तर त्या सात वेगळ्या वेळी येतील. तीन डिशच्या दोन-दोन प्लेट सांगा, किचन मनातल्या मनात दुवा देईल. आणि मेन कोर्स साडेदहानंतर मागवायचा असेल तर दाल खिचडी. ती सहसा दगा देत नाही.

सर्व्हिसचे रिव्ह्यू वाचताना एक खूण लक्षात ठेवा. पाच तारे, मजकूर एकच ओळ, आणि त्यात वेटरचं नाव: “अमुक भैयाने खूप छान सर्व्ह केलं.” हे रिव्ह्यू बिल देताना टेबलावरच लिहून घेतलेले असतात. बऱ्याच ठिकाणी नावासकट रिव्ह्यू आला की त्या मुलाला महिन्याच्या शेवटी काहीतरी मिळतं. आमच्याकडेही होतं. ते खोटे नसतात, मुलगा खरंच हसून बोललेला असतो. पण त्यावरून शनिवारची कल्पना येत नाही. मंगळवारी एका कॅप्टनकडे (ऑर्डर घेणारा मुख्य वेटर) चार टेबलं, शनिवारी नऊ. माणूस तोच, पाय दोनच.

शिवाय यातली बरीच मुलं बिहार, ओडिशा, नेपाळकडची. दिवाळी आणि छठला अर्धा स्टाफ गावी जातो आणि कालच लागलेली पोरं ऑर्डर घेतात. त्या पंधरवड्यातले रिव्ह्यू वाचून कोणत्याही पबबद्दल मत बनवू नये. तसंच गटारीचं. आषाढ अमावास्येच्या आसपासची आमच्याकडची गर्दी थर्टी फर्स्टला लाजवेल अशी. आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की गल्ल्यावर माशा मारायच्या. नाशिकमधला पब निवांत बघायचा तर श्रावणातला बुधवार. बारटेंडर गप्पा मारतो, तंदूर रिकामा, गाणंही तुमच्या आवडीचं. पण तुम्ही शनिवारी येताय.

“महाग” असं लिहिलेले जुने रिव्ह्यू सोडून द्या, आणि “स्वस्त” असं लिहिलेले तर आधी सोडा. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर 2023 मध्ये 5 वरून 10 टक्के झाला. 2025 मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं (इथेच बनणारी व्हिस्की, रम वगैरे) उत्पादन शुल्क बरंच वाढलं, इतकं की 14 जुलैला राज्यभरातल्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. त्याआधीच्या बिलांचे फोटो आता कामाचे नाहीत. बिलात दारूवर व्हॅट आणि जेवणावर 5 टक्के जीएसटी असा वेगळा हिशोब दिसेल, ती फसवणूक नव्हे. एमआरपीवरून काउंटरवर भांडणारे मला दर शनिवारी भेटायचे. बसून प्यायच्या जागी एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं, सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच तसं सांगितलंय. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. नको असेल तर काढायला सांगा, आवाज न चढवता. ज्या मुलाने खरंच धावपळ केली त्याच्या हातात टिप द्या.

काही एक-तारे रिव्ह्यू वाचून पबबद्दल काहीच कळत नाही. “पब छान, पण तिथे ऑफिसचे साहेब भेटले. एक तारा.” हा खरोखर आलेला आहे. त्याला काय उत्तर लिहावं ते मला शेवटपर्यंत सुचलं नाही. दुसरा प्रकार “आयडी मागून अपमान केला.” महाराष्ट्रात माइल्ड बिअर-वाईनसाठी वयाची 21 पूर्ण लागतात, बाकी दारूसाठी 25. तुमच्या सात जणांत कोणी तेवीस-चोवीसचा असेल तर त्याच्यावरून दारातच खोळंबा नको, आयडी सगळ्यांचे घेऊन या. तिसरा प्रकार “दहा वाजताच गाणी बंद केली.” गच्चीवरचा पब असेल तर दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, नियमच आहे. नाचायचं असेल तर आतला हॉल असलेली जागा बघा. आणि सातही मुलगेच असाल तर आधी फोन करून स्टॅग एंट्री, म्हणजे नुसत्या मुलांना प्रवेश, आहे का ते विचारा. काही ठिकाणी शनिवारी दारावरूनच परत पाठवतात, आणि मग तिथे न बसताच तुम्ही एक तारा द्याल.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून मुंबईकडून येणं फार सोपं झालंय, तेव्हा वीकएंडच्या गर्दीत ती माणसं धराच. टेबल शुक्रवारीच सांगून ठेवा. गाडी कोण चालवणार तेही पुण्यातून निघतानाच ठरवा. नाकाबंदीत पकडलं तर पहिल्या वेळेला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही. हॉटेलवरून रिक्षाने आलात तर हा प्रश्नच नाही आणि पार्किंगचाही नाही, कारण त्या रस्त्यावर शनिवारी पार्किंग नसतंच.

फोनवर टेबल सांगताना एक मागा, जे कोणीच मागत नाही: किचनच्या दाराजवळचं. लोक खिडकीजवळचं किंवा कोपऱ्यातलं मागतात, आणि नेमकं तिथेच गर्दीत वेटरचं लक्ष जात नाही. किचनजवळ दार सारखं उघडबंद होतं, फोडणीचा वास येतो, फोटो चांगले येत नाहीत. पण प्रत्येक वेटर दर दोन मिनिटांनी तुमच्या खुर्चीला घासून जातो, आणि सव्विसाव्या केओटीचं काय झालं ते हात वर न करता विचारता येतं.