विचारा, सांगते : गावोगावची एक टीम

प्रश्न : ताई, मी महापे इथल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. आम्ही नऊ जण. तिघं रोज ऑफिसला येतो, बाकीचे कोल्हापूर, नाशिक, नागपूर आणि सावंतवाडीहून काम करतात. क्लायंट जर्मनीतला. पेमेंट अडकलं तर सिस्टीमने आपोआप पुन्हा पाठवायचं नाही, असं आम्ही दोघांनी ऑफिसात ठरवलं होतं. सावंतवाडीच्या नव्या मुलीपर्यंत ते पोचलंच नाही. तिने दोन दिवस बसून नेमकं तेच, आपोआप पुन्हा पाठवायचं, लिहून काढलं. मधे कुणाला काही विचारलंही नाही. आता आमचे साहेब म्हणतात, सगळ्यांच्या लॅपटॉपवर दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारं सॉफ्टवेअर टाकू या. मला पटत नाही, पण त्यांना सांगू काय? — एक टीम लीड, घणसोली

उत्तर : साहेबांना आधी एवढंच विचारा, की ते सॉफ्टवेअर तेव्हा असतं तर त्यात काय दिसलं असतं? मान खाली घालून कोड लिहिणारी मुलगी. फोटो उत्तम आले असते आणि दोन दिवस तरीही वाया गेले असते. स्क्रीन चालू आहे हे कळणं आणि काम बरोबर दिशेने चाललंय हे कळणं यांचा काही संबंध नाही. उलट फोटो निघतोय हे माहीत असलं की माणसं विचार करायला दोन मिनिटं खुर्चीतून उठायचीही थांबतात. आपल्या कामात ती दोन मिनिटंच मोलाची.

दुसरं कारण जर्मनीचं आहे, आणि ते साहेबांना लगेच पटेल. युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्याचा कायदा, मे २०१८ पासून लागू आहे. पेमेंटमधला घोळ शोधताना तुमच्या मुलांच्या स्क्रीनवर ग्राहकांची नावं, पत्ते, ऑर्डरी येत असणार. त्याचे फोटो काढले की ती माहिती आणखी कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते. क्लायंटबरोबरचा करार काढून वाचा. माहिती कुठे ठेवायची, कुणाच्या हाती द्यायची याची कलमं त्यात असतातच. आपल्याकडेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झालाय. टीम लीडला नको म्हणणं सोपं असतं, क्लायंटच्या कराराला नको म्हणता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : 'आम्ही दोघांनी ऑफिसात ठरवलं होतं.' दुखणं इथे आहे. सगळेच घरून काम करतात तिथे निदान सगळ्यांनाच सारखं कळतं किंवा सारखं कळत नाही. तिघं ऑफिसात आणि सहा जण बाहेर, ही रचना सगळ्यांत अवघड. चहाला खाली उतरताना तुम्ही तिघं जे बोलता, त्यात निम्मे निर्णय होऊन जातात. वर आल्यावर ते कुणी लिहीत नाही, कारण ते बोलणं होतं, मीटिंग नव्हती. मग नागपूरचा माणूस जुन्या माहितीवर काम करत राहतो आणि ऑफिसातल्यांना वाटतं, याला एवढंही कसं माहीत नाही.

म्हणून एक नियम करा आणि तो ऑफिसातल्या तिघांना सगळ्यांत कडक लावा : लिहिलं नाही तोवर ठरलं नाही. बोला जरूर, चहाला जाऊनच बोला. वर आल्यावर चार ओळी टाका, सगळ्यांना दिसतील अशा ठिकाणी. तुमच्या पेमेंटच्या निर्णयाची नोंद मी अशी लिहिली असती :

'पेमेंटचं उत्तर वेळेत आलं नाही तर आपोआप पुन्हा पाठवायचं नाही. कारण : पैसे कापले गेलेले असू शकतात, फक्त उत्तर आपल्यापर्यंत पोचलेलं नसतं. पुन्हा पाठवलं तर ग्राहकाचे पैसे दोनदा जातील. आधी व्यवहाराची स्थिती विचारायची, मग पुढचं. प्रत्येक ऑर्डरबरोबर वेगळी ओळख पाठवून दुबार व्यवहार रोखण्याची सोय पेमेंट कंपनीकडून सुरू झाली, की हा निर्णय पुन्हा बघायचा.'

यातला 'कारण' हा भाग कधीही गाळू नका. नुसतं 'पुन्हा पाठवायचं नाही' एवढंच लिहिलं असतं, तर सहा महिन्यांनी कुणी तरी हुशार माणूस 'हे राहिलंय वाटतं' म्हणून ते घालून मोकळा झाला असता. आणि शेवटची ओळ ठेवा, म्हणजे निर्णय कधी बदलता येईल हेही माहीत राहतं. हेच कोड जमा करतानाच्या टिपणीला लागू. 'फिक्स केलं' ही टिपणी नव्हे. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते माणसानेच सांगावं लागतं.

हे जमतं का, अशी शंका साहेबांना आली तर त्यांना लिनक्स या सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमचं उदाहरण द्या. १९९१ पासून जगभरची माणसं त्याच्या गाभ्यावर काम करतायत. सगळ्यांचं मिळून एक ऑफिस नाही. बदल ईमेलने येतो, सोबत कारण येतं, त्यावर चर्चा होते आणि ती सगळी कुणालाही वाचता येते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला आपण सगळे रोज वापरतो ते गिटसुद्धा लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये याच कामासाठी लिहिलं.

आता त्या मुलीबद्दल, आणि हे मला कळकळीने सांगायचंय. ती गप्प बसली म्हणजे तिला कामाची आस्था नाही, असं कृपा करून समजू नका. आपल्या कॉलेजांत प्रश्न विचारणारा म्हणजे ज्याला येत नाही तो, हेच मुलांच्या मनावर बिंबतं. त्यात समोर माणूस दिसत नाही. तुम्ही कामात आहात की मोकळे, चिडलेले आहात की नाही, काहीच कळत नाही. मग 'सर, एक छोटा डाउट होता' एवढं टाइप करून पोरं पुसून टाकतात.

तिला 'विचारत जा' असं सांगून काही होणार नाही. तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर विचारा. 'हा एरर मला कळत नाहीये, कुणी बघितलाय का?' असं लीडने ग्रुपवर लिहिलेलं तिला दिसू दे. वैयक्तिक मेसेजवर आलेला प्रश्न, तिची परवानगी घेऊन, ग्रुपवर हलवा आणि उत्तर तिथे द्या. तोच प्रश्न नाशिकच्या मुलालाही असतो. तासभर अडकलं की विचारायचंच, हे टीमचं ठरून जाऊ दे, म्हणजे विचारण्यात कमीपणा राहत नाही. आणि विचारायचं कसं तेही शिकवा : काय करत होते, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आतापर्यंत काय करून पाहिलं. नुसतं 'इश्यू येतोय' असा मेसेज आला तर रागवू नका, हे चार प्रश्न परत विचारा. हळूहळू ती ते न विचारता लिहू लागेल.

शिवाय दोन दिवसांचं काम एका गठ्ठ्यात येऊच देऊ नका. अर्ध्या दिवसाचा तुकडा झाला की अर्धवट का असेना, रिव्ह्यूला, म्हणजे दुसऱ्या कुणाला तपासायला, टाकायचा. तुमचा प्रसंग पहिल्याच दुपारी कुणाच्या तरी नजरेस पडला असता. साहेबांना हवी ती नजर हीच आहे, आणि तिच्यात कुणाचा अपमान नाही.

एक राहिलं. कोकणात पावसात वीज जाते, नेट जातं. तिचा मेसेज आला नाही म्हणून शंका घेण्याआधी १२ ऑक्टोबर २०२० आठवा. त्या सोमवारी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज गेली होती आणि घरून काम करणारे आपण सगळे मोबाइलची बॅटरी जपत बसलो होतो. वीज गेली तर एक एसएमएस टाकायचा, एवढं ठरवून ठेवा. इन्व्हर्टरसाठी कंपनीने पैसे द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑफिसातल्या जनरेटरचे देतेच ना?

प्रश्न : न्यूयॉर्कच्या टीमबरोबर रोज रात्री साडेआठला कॉल असतो. नोव्हेंबर आला की तो साडेनऊवर जातो. मुलगी पाच वर्षांची आहे, तिला मी झोपवूच शकत नाही. मागणी कशी करू? — एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : सरळ मागा, आकडे घेऊन मागा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपलं घड्याळ हलत नाही, त्यामुळे हिवाळ्यातला जादा तास दर वर्षी तुमच्याच रात्रीतून जातो. बऱ्याचदा तिकडच्यांच्या हे लक्षातही आलेलं नसतं. त्यांचे सकाळचे अकरा म्हणजे तुमचे साडेआठ किंवा साडेनऊ. त्यांनी नऊला बसायचं ठरवलं तर तुमचे साडेसहा किंवा साडेसात होतात. सकाळी नऊ ही तिकडे कुणाला गैरसोयीची वेळ नाही.

आणि रोज कशाला? काल काय केलं, आज काय करणार, हे सांगायला कॉल लागत नाही. संध्याकाळी लॅपटॉप मिटण्याआधी लिहून ठेवा, ते त्यांच्या सकाळी वाचतील. वाद घालायचे, डिझाइन ठरवायचे ते दोन दिवस बोला. 'मुलगी लहान आहे म्हणून' असं अर्जात लिहू नका. मुलगी मोठी झाल्यावरही रात्रीचे साडेनऊ ही कामाची वेळ नाहीच.

प्रश्न : सगळ्यांना वर्षातून एकदा तरी ठाण्यात बोलवावं का? खर्च वसूल होतो का? — एक छोटा उद्योजक, वागळे इस्टेट

उत्तर : बोलवा, आणि जमलं तर एकापेक्षा जास्त वेळा. तीन दिवस पुरेत. पण सगळ्यांना हॉलमध्ये बसवून स्लाइड दाखवायच्या असतील तर तिकिटाचे पैसे वाचवा, स्लाइड ईमेलने जातात. ज्या दोघांची रिव्ह्यूमध्ये सारखी खडाजंगी होते त्यांना एका टेबलावर, एका लॅपटॉपवर एकच काम द्या. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायला न्या, मामलेदारची मिसळ खायला घाला. नव्या माणसाला मात्र वार्षिक भेटीची वाट बघायला लावू नका. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात बोलवा आणि त्याच्या शेजारी बसणारा माणूस आधीच ठरवून ठेवा.