‘वेट’च्या आधी ‘टू’ का नाही? वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या वेळी ‘एखाद्याला काहीतरी करायला लावणं, सांगणं, देणं’ इंग्रजीत कसं म्हणायचं यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी दुसरा विषय नाही. पत्रं थोडी छाटली आहेत.

बाई, मी बारावीत आहे. ‘शी आस्क्ड मी टू वेट’ बरोबर आणि ‘शी मेड मी टू वेट’ चूक, असं सरांनी सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, पाठ कर. कारण असेलच ना?

इंग्रजीच्या बाजूने पाहिलं तर कारण म्हणजे वहिवाट. पण तुझी चूक कुठून येते ते मला दिसतंय. ती मराठीतून येते.

आपण ‘थांबायला सांगितलं’ म्हणतो आणि ‘थांबायला लावलं’ही म्हणतो. दोन्हीकडे ‘-आयला’ आहे, म्हणून दोन्हीकडे ‘टू’ टाकावासा वाटतो. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबरच येतो. टेल, आस्क, फोर्स, परस्वेड, ऑर्डर, रिक्वेस्ट, ॲडव्हाइज, सगळ्यांना ‘टू’ लागतो. ‘-ऊ देणं’ मात्र वेगळं. ‘जाऊ दिलं’मध्ये ‘-आयला’ नाही आणि ‘लेट मी गो’मध्ये ‘टू’ही नाही. म्हणून ‘लेट’मध्ये मराठी मुलं फारशी चुकत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं वह्यांत पाहिलंय. (‘अलाऊ’चा अर्थ तोच, पण त्याला ‘टू’ हवा: ‘अलाऊड मी टू गो’. हा एक खडा वेगळा काढून ठेव.)

मग ‘मेक’चं काय करायचं? तिथे ‘लावलं’ विसर आणि मराठीतली जुनी प्रयोजक क्रियापदं आठव. रडवलं, हसवलं, पळवलं. ‘रडवलं’ हा एकच शब्द आहे, त्याच्या पोटात काही घुसवता येत नाही. ‘मेड मी क्राय’ तसंच ऐकायचं, मधल्या ‘मी’सकट एकच क्रियापद. ‘थांबणं’ला ही युक्ती लागू करू नकोस, कारण ‘थांबवलं’ म्हणजे अडवलं. एकदा ‘रडवलं’वर जीभ बसली की ‘मेड मी वेट’ आपोआप येईल.

आणि ‘मेड मी वेटेड’ लिहू नकोस. काळ दाखवायचं काम ‘मेड’ने केलंय. ‘थांबायला लावलं’मध्ये तरी ‘थांबायला’ कुठे बदलतं?

ताई, मी निवृत्त मुख्याध्यापक. ‘मेक’नंतर ‘टू’ येतच नाही म्हणता, मग ‘वुई वेअर मेड टू राइट इट अगेन’ आम्ही चाळीस वर्षं चुकीचं शिकवलं का? शिवाय मिशनच्या शाळेत आम्ही पाठ केलेल्या स्तोत्रात ‘ही मेकेथ मी टू लाय डाऊन’ होतं!

सर, चाळीस वर्षं बरोबरच शिकवलंत. कर्मणी प्रयोगात ‘टू’ परत येतो. ‘द टीचर मेड अस राइट’, पण ‘वुई वेअर मेड टू राइट’. ‘सी’चंही तसंच: ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’, कर्मणीत ‘ही वॉज सीन टू क्रॉस’. माझं मागचं वाक्य अर्धवट होतं, चूक कबूल.

तुमचं स्तोत्र तेविसावं. 1611 च्या इंग्रजी बायबलात ते तसंच आहे, त्या काळी ‘मेक’पाठोपाठ ‘टू’ चालत असे. पुढे कर्तरीतून तो गळला, कर्मणीत टिकला. म्हणजे बारावीतला वरचा मुलगा चारशे वर्षं उशिरा जन्मला, एवढंच. पण परीक्षकाला हे सांगून गुण मिळणार नाहीत.

‘लेट’चं कर्मणी करायला सांगणारे प्रश्न मात्र मला आवडत नाहीत. ‘दे लेट हिम गो’चं सरळ रूप ‘ही वॉज अलाऊड टू गो’. ‘ही वॉज लेट गो’ असतं, पण त्याचा अर्थ सोडून दिलं, आणि कंपनीच्या भाषेत नोकरीवरून काढलं.

अमेरिकन क्लायंटच्या मेलमध्ये ‘प्लीज हॅव युवर टीम सेंड द फाइल’ असं असतं. ‘टू सेंड’ राहिलंय असं समजून मी उत्तरात दुरुस्त करून लिहिलं. मॅनेजर हसला. (हिंजवडी)

मॅनेजरने हसण्याऐवजी समजावलं असतं तर बरं झालं असतं. ‘हॅव’ला ‘टू’ लागत नाही. ही ढब अमेरिकेत जास्त चालते, ब्रिटिश माणूस तिथे बहुधा ‘आस्क’ किंवा ‘गेट’ वापरेल. ‘गेट’ला ‘टू’ लागतो: ‘गेट देम टू सेंड इट’.

दोन्हींतला फरक ‘टू’पुरता नाही, सूर वेगळा आहे. ‘हॅव’मध्ये गृहीत धरलेलं असतं की सांगितलं की होणार. ते त्यांचं कामच आहे. ‘गेट’मध्ये थोड्या खटपटीचा वास येतो: विनवलं, गळ घातली, शेवटी झालं. ‘आय गॉट माय फादर टू साइन’ म्हटलं की वडील आधी तयार नव्हते हे कळतं. ‘आय हॅड माय फादर साइन’ म्हटलं तर वडील तुमचे कारकून वाटतात. आणि ‘आय मेड माय फादर साइन’ म्हणालात तर वकील बघावा लागेल.

मी न्यू जर्सीत राहते. शेजारणीला ‘आय कट माय हेअर’ सांगितलं तर ती म्हणाली, वा, स्वतःच? पार्लरचे पैसे तर मी भरले होते! आणि ‘आय हॅड माय पर्स स्टोलन’ हे काय, चोरी पण आपणच करवून घ्यायची?

तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसले.

मराठीत ‘केस कापले’ म्हटलं की कोणी कापले हे विचारत नाहीत, न्हाव्याने किंवा पार्लरवालीने हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘ब्लाउज शिवला’, ‘रक्त तपासलं’, सगळं तसंच. इंग्रजी इथे चोखंदळ आहे. ‘आय कट’ म्हणजे कात्री माझ्या हातात. पण मराठीतही नेमकं रूप आहेच, ‘केस कापून घेतले’. हे ‘-ऊन घेणं’ जिथे बसतं तिथे ‘हॅड माय हेअर कट’ बसतं. शिवून घेतला, ‘हॅड इट स्टिच्ड’. तपासून घेतलं, ‘हॅड इट टेस्टेड’. वस्तू मधे, आणि शेवटचं रूप झालेल्या कामाचं. ‘गॉट’ही चालतं, जरा घरगुती.

पर्सचं वाक्य बरोबर आहे, आणि चोर तुम्ही नाही. तिथे ‘हॅड’चा अर्थ ‘माझ्या बाबतीत असं झालं’. रचना तीच, पण पहिल्यात आपण काम देतो, दुसऱ्यात आपल्यावर ओढवतं. मराठीत ‘पर्स चोरीला गेली’ म्हणतो ना, तेच. कोणता अर्थ घ्यायचा ते समोरचा प्रसंगावरून ठरवतो. चोरी कोणी मुद्दाम करवून घेत नाही, विम्याचे पैसे हवे असतील तर गोष्ट वेगळी.

‘लेट’ म्हणजे देणं, परवानगी. मग आपल्या पासपोर्टवर ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ कसं? परवानगीशिवाय जाऊ द्या?

हा या वेळचा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. जुन्या इंग्रजीत दिसायला जवळची, अर्थाने उलटी अशी दोन क्रियापदं होती. एकाचा अर्थ सोडणं, होऊ देणं. दुसऱ्याचा अर्थ अडवणं. झिजत झिजत दोन्ही ‘लेट’ झाली. बोलण्यात पहिलं जिंकलं. दुसरं कायद्याच्या भाषेत उरलं, आणि टेनिसमध्ये: सर्व्हिस जाळीला लागून योग्य चौकोनात पडली की ‘लेट’, पुन्हा मारा. पासपोर्टातलं ‘लेट’ हे अडवणाऱ्या घराण्यातलं. अडथळ्याशिवाय जाऊ द्या.

तो मजकूर पुन्हा काढून वाचा. राष्ट्रपतींच्या नावाने, ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्या सगळ्यांना ‘रिक्वेस्ट अँड रिक्वायर’ केलंय, कशासाठी, तर ‘टू अलाऊ द बेअरर टू पास फ्रीली’. विनंती-हुकूम, माणसं, ‘टू’, मग परवानगी, माणूस, पुन्हा ‘टू’. व्याकरणाच्या तासाला मी फळ्यावर हेच लिहायचे. मुलं विमानतळावर पोचल्यावर तरी आठवतील म्हणून.

‘माय बॉस सजेस्टेड मी टू अप्लाय’ आणि ‘आय वॉन्ट दॅट यू कम’. दोन्हींवर लाल रेघ. का?

पहिली चूक मीही बी.एड. होईपर्यंत करत होते. ‘सुचवणं’ला मराठीत माणूस चालतो, ‘मला सुचवलं’. ‘सजेस्ट’ माणसाला थेट हात लावत नाही, तो फक्त गोष्ट सुचवतो: ‘सजेस्टेड दॅट आय अप्लाय’. आणि ‘ही’ असला तरी ‘ही अप्लाय’च, शेवटी ‘-ज’ नको, निदान औपचारिक लिहिण्यात. माणूस हवाच असेल तर ‘ॲडव्हाइज्ड मी टू अप्लाय’ लिहा.

दुसऱ्यात उलटं झालंय. ‘तू यावंस असं मला वाटतं’मधला ‘असं’ तुम्ही ‘दॅट’ करून नेलात. ‘वॉन्ट’ला माणूस थेट हवा: ‘आय वॉन्ट यू टू कम’.

‘हेल्प मी लिफ्ट’ की ‘हेल्प मी टू लिफ्ट’?

दोन्ही.