जुळ्यांसाठी नोकरी सोडू का?

प्रश्न : मला विसावा आठवडा चालू आहे, जुळी आहेत. पगार ४२ हजार, यजमानांचं स्वतःचं दुकान. घरचे म्हणतात, राजीनामा दे आणि माहेरी (इथून ९० किलोमीटर) जाऊन पडून राहा, नाहीतर दिवस पूर्ण भरायचे नाहीत. एका नातलगांनी पेसरी (गर्भाशयमुखाला बसवायची रिंग) आणि प्रोजेस्टेरॉन (हार्मोनचं औषध) सुचवलंय. साडेतीन लाखांची एफडी मोडून हे करावं का?

उत्तर : ताई, राजीनामा देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

घरच्यांची काळजी खोटी नाही. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. पण नुसतं पडून राहिल्याने दिवस पुढे जातात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि राजीनाम्याची किंमत बघा. प्रसूती रजेचे २६ आठवडे म्हणजे अडीच लाखांचा पगार, तो जाईल. त्याहून मोठं म्हणजे कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम जाईल. दुकानदाराच्या घरात दुसरा विमा नाही, आणि आज नवी पॉलिसी घेतली तरी प्रतीक्षाकाळामुळे हे बाळंतपण तिच्यात बसणार नाही. रजा प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या ८ आठवडे आधी, म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यापासून घेता येते. मध्येच डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर गरोदरपणातल्या आजारासाठी किंवा बाळ लवकर जन्मल्यास आणखी एक महिना भरपगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट मात्र लागतं.

आता पेसरी. नेदरलँड्समध्ये ४० रुग्णालयांत, जुळी-तिळी असलेल्या ८१३ जणींवर ही सिलिकॉनची रिंग तपासली गेली. २०१३ साली निष्कर्ष आले : सरसकट सगळ्यांना बसवून उपयोग नाही. गर्भाशयमुखाची लांबी ३८ मिलिमीटरपेक्षा कमी होती त्यांच्यात मात्र फायदा दिसला, आणि बाळांच्या उपचारांवरचा खर्चही वाचला. हिशेबाला फार आशादायक वाटलं होतं ते. पण २०२१ साली ब्रिटनमधून, ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी लांबीच्या ५०३ जणींचा अभ्यास आला आणि त्यात फरक दिसला नाही. तुम्ही सोबत पाठवलेल्या रिपोर्टमध्ये लांबी ४१ मिलिमीटर आहे. जुळ्यांत सरसकट दिलेल्या प्रोजेस्टेरॉननेही मोठ्या चाचण्यांत प्रसूती लांबलेली नाही. लांबी पुढे कमी झाली तर प्रश्न वेगळा, तो तुमच्या डॉक्टरांचा. आज यासाठी एफडी मोडायचं कारण मला दिसत नाही.

माझ्या बहिणीची जुळी बत्तिसाव्या आठवड्यात झाली. रात्री दोन वाजता काउंटरवर मी उभा होतो. दोन बाळं, दोन फाइली, दोन डिपॉझिट. एक अठराव्या दिवशी पेटीतून बाहेर आलं, दुसरं सव्विसाव्या. तेव्हापासून जुळ्यांचा हिशेब मी कधीच एका बिलाचा धरत नाही.

म्हणून एफडी त्या रात्रीसाठी ठेवा. मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मंजूर करून ठेवा. जेवढे काढाल तेवढ्यावरच व्याज. आणि ९० किलोमीटरवरच्या माहेरी जाण्यापेक्षा आईलाच इकडे बोलवा. नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच नाव नोंदवा, एकाच वेळी दोन पेट्या मिळतील का हेही विचारा. लवकर कळा आल्या तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतात, बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून. औषध अगदी स्वस्त आहे, आणि भारतासह पाच देशांतल्या २०२० च्या चाचणीत त्याने नवजात बाळांचे मृत्यू कमी झाले. पण त्यासाठी वेळेत पोहोचावं लागतं. खासगीतला खर्च हाताबाहेर गेलाच, तर सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. त्याची लाज बाळगू नका.

या आठवड्यात एचआरला मेल टाका : बाळांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, त्यांचा खर्च प्रसूतीच्या मर्यादेत धरतात की पूर्ण विमा रकमेत, आणि दोघांची नावं किती दिवसांत नोंदवायची. उत्तर तोंडी घेऊ नका. मेलवर आलं की मला पाठवा, ओव्हरड्राफ्ट किती ठेवायचा ते त्यावरून ठरवू.