ट्रंकेतला कागद आणि वन्संचा वाडा

पत्र : माझं वय ५४. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, पुढे संसारात चित्रकला मागे पडली. दोन वर्षांपासून पुन्हा जलरंग सुरू केलेत, रोज संध्याकाळी तासभर. मुलीनं गेल्या मे महिन्यात पाच मोठी कॉटन पेपरची शीटं आणि ट्यूबचे रंग पाठवले. इतका महागाचा कागद माझ्या हातून वाया जाईल म्हणून तो ट्रंकेत तसाच आहे. मी आपली चित्रकलेच्या वहीत रंगवते, पण रंग मळकट होतात. मुलीनं विचारलं की "वापरतेय गं" म्हणते. आमचे हे म्हणतात, पोरांच्या रंगांनी काय खेळतेस, निदान विकून दोन पैसे तरी कर. त्यात वन्संनी डिसेंबरातल्या वास्तुशांतीसाठी त्यांच्या माहेरच्या वाड्याचं तीन फुटी चित्र मागितलंय. जीव दडपून गेलाय. काय करू?
— एक वाचक, सांगली

ताई,

आधी ट्रंक उघडा, बाकीचं मागाहून बघू. जलरंगाच्या कागदाला कारखान्यातच जिलेटिनसारख्या पदार्थाचा हात दिलेला असतो, त्याला सायझिंग म्हणतात. त्याच्यामुळे रंगाचं पाणी कागदाच्या वर थांबतं आणि ते हलवायला तुम्हाला वेळ मिळतो. दमट हवेत हे सायझिंग बिघडतं, त्याला बुरशी धरते, आणि मग कागद टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो. तुमच्या शीटांनी अख्खा पावसाळा ट्रंकेत काढलाय. जपून ठेवल्यानं हा कागद टिकत नाही, तुम्ही तो वापरलात तरच त्याचं चीज होईल.

प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात साध्या पाण्याचा दोन बोटं रुंद पट्टा ओढा आणि तिरप्या उजेडात बघा. पाण्याची चकाकी वर टिकून हळूहळू गेली तर कागद ठणठणीत आहे. पट्टा क्षणात मुरला आणि गडद ठिपके उठले तर सायझिंग गेलं. अशा शीटवर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा मोठा सलग थर, द्यायच्या भानगडीत पडू नका, पण पेन्सिल, पोस्टर कलर त्यावर छान चालतात. चांगली शीटं प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून, तोंड चिकटवून आडवी ठेवा. जमिनीला टेकलेल्या ट्रंकेत मात्र परत नको.

आता कात्री घ्या. मोठं शीट साधारण २२ बाय ३० इंचाचं असतं. त्याचे साडेसात बाय अकरा इंचाचे आठ तुकडे होतात. चार शीटं अशी कापा, म्हणजे ३२ तुकडे. पाचव्याचे ११ बाय १५ इंचाचे चार तुकडे करून वाड्यासाठी बाजूला काढा. कॉटन कागदाची मागची बाजूही रंगवता येते, तेव्हा एखादं चित्र फसलं तर पालथं घालायचं. तुमच्या मनातली वाया जाण्याची भीती त्या अख्ख्या शीटच्या आकाराची आहे. हाताएवढ्या तुकड्यापुढे ती बरीच उतरते.

मळकट रंगाचा निम्मा दोष वहीचा आहे. तो कागद पातळ असतो, पाणी लागलं की फुगतो, खळग्यांत रंग साचतो, आणि दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की तंतू सुटतात. त्या सुटलेल्या तंतूंत खालचा आणि वरचा रंग कालवला जातो आणि सगळं राखाडी दिसू लागतं. अशा कागदावर कसलेल्या हातालाही स्वच्छ दुसरा थर देता येत नाही. तेव्हा "माझाच हात बसलेला नाही" हे मनातून काढून टाका.

उरलेला निम्मा दोष सवयीचा, आणि तो हमखास सुटतो. पॅलेटमध्ये एका वेळी दोनच रंग मिसळा, फार तर तिसऱ्याचा ठिपका. सावलीसाठी काळा घेऊ नका: पिवळ्यात काळा पडला की तो शेवाळी हिरवा होतो, लाल मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोन मिसळले की हवा तसा करडा मिळतो. निळा जास्त घातला तर थंड, सिएना जास्त घातला तर उबदार. पाणी कमी ठेवलं तर जवळपास काळाच होतो, पण त्यात जीव असतो. पाण्याचे दोन ग्लास हवेत, एक ब्रश धुवायला आणि दुसरा स्वच्छ पाणी उचलायला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्धवट सुकलेल्या भागाला हात लावायचा नाही. कागद चकाकत असेल तर काम करा, पूर्ण कोरडा असेल तरी करा. मधल्या ओलसर अवस्थेत भरलेला ब्रश टेकवला की नवं पाणी जुन्या रंगाला ढकलत नेतं आणि फुलकोबीसारख्या कडांचे डाग पडतात. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवून बघा: गार लागलं तर अजून ओल आहे. तो वेळ बसून काढवत नाही, म्हणून दोन तुकडे शेजारी ठेवा. एक वाळतोय तोवर दुसरा.

सुरुवात वाड्यानं करू नका. ताटलीत एक लिंबू ठेवा. पेन्सिलीच्या चार रेघा पुरेत, त्याहून जास्त काढल्या तर खोडरबरानं कागद खरवडला जातो. लिंबावर उजेड पडतो तो ठिपका कोरा सोडून बाकी सगळीकडे पातळ लेमन यलो, एका दमात. पूर्ण वाळू द्या. मग सावलीच्या अंगाला यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) हात, त्याची आतली कड नुसत्या ओल्या ब्रशनं विरवा. पुन्हा वाळू द्या, आणि सगळ्यात अंधाऱ्या कडेला ऑकरमध्ये बर्न्ट सिएनाचा ठिपका. ताटलीवरची सावली मघाच्या करड्या रंगानं, लिंबाला टेकते तिथे गडद आणि बाहेर फिकट होत जाणारी. आठ नंबरचा एक गोल ब्रश याला पुरतो. जलरंग सुकला की फिकटतो, म्हणून ओला असताना तो थोडा भडक दिसायला हवा. याच लिंबाची चार-पाच चित्रं करा. थर वाळायची वाट बघायला हात यातूनच शिकतो.

संध्याकाळी रंगवताय तर वरचा दिवा बघा. पिवळ्या उजेडात फिकट पिवळा रंग जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे तुम्ही तो थरावर थर देत राहता आणि सकाळी चित्र बघून वाईट वाटतं. पांढऱ्या उजेडाचा दिवा लावा, उजव्या हातानं रंगवत असाल तर डाव्या बाजूला. जमलं तर सकाळचा चहा झाल्यावर खिडकीपाशी अर्धा तास बसा, तो संध्याकाळच्या तासाहून जास्त कामाचा ठरेल.

ट्यूबांचं सांगायचं तर घट्ट झालेली ट्यूब फेकू नका, उभी चिरून आतला रंग वडीसारखा ओल्या ब्रशनं वापरा. पॅलेट मात्र ओली असताना मिटू नका, बुरशी धरते. ब्रश ग्लासात उभा ठेवलात तर त्याचं टोक कायमचं वाकेल.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. जलरंग हे पोरांचे रंग असतील तर म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधलं 'ग्लो ऑफ होप' कशात रंगवलंय ते त्यांना सांगा. हातात दिवा धरलेल्या त्या बाईचं चित्र अनेक जण रविवर्म्याचं समजतात. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, आणि जलरंगात आहे. विकण्याचा सल्ला मात्र आत्ता ऐकू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. विकायला बसलं की माणूस हमखास जमणारंच रंगवतं. तुम्हाला आत्ता न जमणारं करून बघायचंय, त्यात चित्रं बिघडणार, आणि बिघडायला मोकळीक हवी. रोजचा एक तास घरातल्या कुणाच्या तोंडचा घास काढून घेतलेला नाही. त्याचा हिशेब देण्याची गरज नाही, आणि तो हिशेब तुम्ही स्वतःलाही देत बसू नका. यजमानांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या आवडीची एखादी वस्तू मागून घ्या, चष्म्याचं घर, पितळी तांब्या, काहीही, आणि तिचं चित्र करा. बघता बघता माणूस सामील होतो.

मुलीला खरं सांगून टाका. लिंबाचं पहिलं बरं चित्र पाकिटात घालून पाठवा, मागे लिहा, "आजपासून कागद काढला."

राहिला वाडा. तीन फुटी चित्र घेऊ नका. एवढ्या मोठ्या कागदावर आकाशाचा वॉश एका दमात न्यायला मोठा ब्रश, ताणून बसवलेला कागद आणि बराच सराव लागतो, आणि डिसेंबर जवळ आहे. वन्संना आजच फोन करा. "वन्सं, भिंतीएवढं नाही जमायचं मला, पण वाड्याचं नीट एक चित्र फ्रेम करून देते, तुमच्या हॉलमध्ये शोभेलसं," एवढं म्हणा. माउंटसकट, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीसकट, १६ बाय २० इंचाची फ्रेम कुठल्याही भिंतीवर भरून दिसते. त्यांनी फारच आग्रह धरला तरी आकार वाढवू नका.

अख्खा वाडा कागदात कोंबण्यापेक्षा दिंडीदरवाजा, ओसरीचा एखादा खांब आणि वरच्या कौलांचा तुकडा घ्या. माहेरवाशिणीला ओळख पटते ती दरवाजावरून. कौलं एकेक काढू नका. बर्न्ट सिएनाचा वॉश वरून खाली फिका करत न्या, वाळल्यावर सावलीच्या कडेला दहा-बारा कौलांच्याच खालच्या रेघा ओढा, बाकीची बघणाऱ्याला आपोआप दिसतात. चुन्याची भिंत म्हणजे कोरा कागद, त्यावर फक्त सावली रंगवायची. दरवाजाच्या आतला अंधार सगळ्यात शेवटी, अल्ट्रामरीन आणि सिएना दाट कालवून, एकाच हातात. तो एकदा बसला की पुन्हा डिवचू नका, सगळं चित्र त्याच्यावर उभं असतं. चार तुकड्यांपैकी दोन बिघडतील हे धरून चाला. कडेची मास्किंग टेप कागद पूर्ण वाळल्यावरच काढा, चित्रापासून बाहेरच्या दिशेला, सावकाश. घाई केली तर कागदाचा पापुद्रा निघतो.

फ्रेमवाल्याला माउंट घालायला सांगाच. काच चित्राला टेकली तर पावसाळ्यात आत दव धरतं आणि बुरशीचे ठिपके येतात. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या चिकटवा, भिंतीशी हवा खेळती राहते. आणि वन्संना बजावून सांगा, दुपारचं ऊन येतं त्या भिंतीवर ते लावायचं नाही. क्रिमझनसारखे (गडद लाल) रंग उन्हानं काही वर्षांत उडतात.